सुट्टी आणि सुटका

पास्काच्या जागरण विधीत जुन्या करारातील सात वाचने नेमलेली आहेत. वेळेच्या सोयीसाठी त्यांतील काही गाळण्याची मुभा धर्मसभेने दिली आहे. परंतु एक वाचन मात्र कधीही गाळता येत नाही. ते म्हणजे निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातील, इस्राएल लोक समुद्र पार करून जातात तो प्रसंग. गेली अनेक वर्षे आमच्या धर्मग्रामात हे वाचन आमच्याकडे असे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकविल्यामुळे उच्चार बरे, आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. शिवाय, खरे सांगायचे तर, आम्हांला त्या वाचनाचा थोडा अभिमानही होता.

२०२३ सालच्या ८ एप्रिलच्या रात्रीही आम्ही ते वाचले. फारो राजाचे रथ, दुभंगलेले पाणी, भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या लाटा आणि त्यांमधून कोरड्या पायांनी चाललेले गुलामांचे राष्ट्र! मिस्सा संपल्यावर दोघातिघांनी हात हाती घेऊन 'वाचन सुरेख झाले' असे म्हटले. त्याच आनंदात आम्ही उभयता साडेबाराच्या सुमारास घरी आलो.

दार उघडले ते आमच्या आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीने. आईचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणावरच होती. एका ओळखीच्या धर्मभगिनींच्या मध्यस्थीने डहाणूकडच्या एका पाड्यावरची ही चोवीस वर्षांची मुलगी चौदा महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहावयास आली होती. आम्ही तिला इस्टरच्या शुभेच्छा दिल्या. तिने हसून त्या घेतल्या आणि विचारले, "काका, समुद्राचं वाचन झालं?"

"झालं की! आम्हीच केलं."

"आमच्या पाड्यावर ते माझ्याकडे असायचं. तीन वर्षं मीच वाचलं." एवढे बोलून ती जेवण गरम करावयास आत निघून गेली.

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्ही उत्तर दिले असते. उत्तरे आमच्यापाशी तयार होती. पण ते एक साधे वाक्य होते आणि ते जेवताना, हात धुताना, दिवा मालवताना आमच्या बरोबर राहिले. ही मुलगी कॅथोलिक आहे हे आम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसून ती तिच्याबरोबर पवित्र माळेची प्रार्थना म्हणत असे. चौदा महिन्यांत ती एकदाही मिस्साला गेली नव्हती, हेही खरे तर ठाऊकच होते. कारण दर रविवारी सकाळी आम्ही दोघे मिस्साला जात होतो आणि आईजवळ कोणीतरी असणे भाग होते. ते 'कोणीतरी' म्हणजे ती. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यास रविवारच्या मिस्साचे बंधन नाही, असा धर्मसभेचा दयाळू नियम आहे. त्या नियमाने सूट तिला दिली होती; तिचा लाभ घेत होतो आम्ही. दूरदर्शनसंचावर आईसाठी मिस्सा लावलेली असते, ती तिलाही दिसतेच, असे आम्ही मनाचे समाधान करून घेतले होते. आणि आल्यागेल्यांना कौतुकाने सांगत होतो, "पोरगी फार आज्ञाधारक आहे हो! कधी उलट बोलणार नाही, कधी सुट्टी मागणार नाही."

वाचकहो, पुढचे काही दिवस आम्ही निर्गमाचे पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचले. या वेळी व्यासपीठावरून मोठ्याने नव्हे. स्वयंपाकघराच्या टेबलावर, चष्मा पुसत पुसत.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की मोशेने फारोकडे प्रथम मागितली होती ती सुट्टी. कायमची सुटका नव्हे. तीन दिवसांची वाट चालून रानात जाऊ द्यावे आणि तेथे आमच्या परमेश्वराची उपासना करू द्यावी, एवढीच ती विनंती होती. आपल्या मराठीत 'सुट्टी' आणि 'सुटका' ही एकाच 'सुटणे'ची दोन लेकरे आहेत. जो माणूस देवासमोर उभे राहण्यासाठी एक दिवस सुटू शकतो, तो उरलेल्या दिवसांतही पूर्णपणे कोणाच्या मालकीचा राहत नाही. फारोने हे बरोबर ओळखले होते. म्हणूनच त्याने काय उत्तर दिले? हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना उपासनेच्या गोष्टी सुचतात. विटांसाठी लागणारा पेंढा त्यांचा त्यांनाच गोळा करू द्या, मात्र विटांची संख्या एकानेही कमी होता कामा नये! सुट्टी मागणारा नोकर आळशी, हा शोध आजच्या मालकांनी लावलेला नाही.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. इस्राएल लोक मिसर देशात जी कष्टाची चाकरी करीत होते, तिला हिब्रू भाषेत 'अवोदा' म्हणतात. आणि पर्वतावर जाऊन परमेश्वराची जी उपासना करावयाची होती, तिचा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. आपल्या 'सेवा' या शब्दासारखेच हे झाले. सेवा मालकाची होते आणि सेवा देवाचीही होते. तेव्हा निर्गमाची कथा ही 'चाकर होते ते बिनमालकाचे झाले' अशी कथा नाही. मनुष्य कोणाची ना कोणाची सेवा करणारच, हे पवित्र शास्त्राने गृहीतच धरलेले आहे. प्रश्न एवढाच, की सेवा कोणाची? एक धनी असा आहे की जो सेवकांची मुले नदीत फेकावयास सांगतो. दुसरा असा, की जो सेवकांचा आक्रोश ऐकून खाली उतरतो. दोघेही आज्ञा देतात. पण एकाच्या आज्ञांनी माणसाची पाठ वाकते, दुसऱ्याच्या आज्ञांनी ती सरळ होते. दहा आज्ञांचा आरंभही आज्ञेने होत नाही. दास्यगृहातून तुला बाहेर काढणारा तो मीच, या ओळखीने होतो. आधी सुटका आणि मगच आज्ञा.

फारोच्या घासाघिशीकडे आमचे पूर्वी कधी नीटसे लक्ष गेले नव्हते. पीडांमागून पीडा येऊ लागल्या तसा तो थोडा थोडा नमू लागतो. प्रथम म्हणतो, उपासना करा, पण याच देशात राहून. मग म्हणतो, बाहेर जा, पण फार दूर जाऊ नका. पुढे म्हणतो, फक्त पुरुषांनी जावे. मुलाबाळांना मागे ठेवावे. शेवटी म्हणतो, सर्वजण जा, पण गुरेमेंढरे येथेच राहू द्या. मोशे मात्र बधत नाही. एक खूरसुद्धा मागे राहणार नाही, असे तो ठासून सांगतो. ही चार कलमे वाचताना आम्हांला हसू आले आणि लगेच मावळले. कारण आमच्या घरातले कलम फारोच्याही पुढचे होते. आम्ही उपासनेला जात होतो आणि ज्याला मागे ठेवायचे ते खूर नव्हते, माणूस होते.

येथे आज्ञापालनाविषयी थोडे बोलले पाहिजे. कारण आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत हा सद्गुण लहानपणापासून शिकविला जातो आणि तो योग्यच आहे. मराठीत आपण म्हणतो, 'मूल ऐकत नाही.' मुलाचे कान शाबूत असतात. ते ऐकत नाही म्हणजे सांगितलेले करीत नाही. हिब्रू भाषेतही तसेच आहे. 'हे इस्राएला, ऐक' अशा अर्थाने सुरू होणारी जी प्रार्थना यहुदी माणूस रोज म्हणतो, तीतील 'शमा' या क्रियापदात ऐकणे आणि पाळणे दोन्ही आले. आज्ञापालन म्हणजे मुळात कान देणे. मग ज्याला आज्ञा पाळावयाची आहे, त्याने प्रथम आवाज कोणाचा हे ओळखले पाहिजे.

निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा नावाच्या दोन सुइणी आहेत. इब्री स्त्रियांना झालेले मुलगे जन्मताच मारून टाका, अशी राजाची त्यांना आज्ञा होती. त्यांनी देवाचे भय धरले आणि राजाचे ऐकले नाही. गंमत अशी, की या सबंध कथेत फारोचे नाव पवित्र शास्त्राने कोठेच दिलेले नाही; त्या दोन सुइणींची नावे मात्र हजारो वर्षे लोक वाचीत आहेत. इस्राएलच्या सुटकेची सुरुवात मोशेच्या काठीने झाली असे आपण समजतो. ती त्याआधी, दोन बायकांनी न पाळलेल्या एका हुकमाने झाली.

याच वाटेने चाललेला एक शेतकरी आपल्या काळाजवळ होऊन गेला. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातील फ्रान्झ येगरश्टेटर हा आपल्या चर्चचा सेवेकरी होता. हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्याने १९४३ साली नकार दिला. घरी पत्नी व तीन लहान मुली. अधिकाऱ्यांचे ऐकणे हे तुझे कर्तव्य आहे, असे त्याला समजावणाऱ्यांत धर्मगुरू होते, बिशपही होते. ते वाईट होते म्हणून नव्हे. त्याच्या कुटुंबाची त्यांना काळजी होती. परंतु त्याच्या कानी पडलेला आवाज निराळा होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी धर्मसभेने त्याला धन्यवादित घोषित केले, तेव्हा त्याची चौऱ्याण्णव वर्षांची पत्नी त्या विधीस हजर होती. बेड्यांत असलेला तो शेतकरी स्वतंत्र होता आणि मोकळे फिरणारे लाखो लोक दास होते, असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे ठरू नये.

मग आमच्या मनात आले, की ज्या आज्ञाधारकपणाचे आम्ही चारचौघांत कौतुक करीत होतो तो नेमका कोणता? त्या मुलीने आवाज ओळखून मान तुकविली होती, की दुसरा इलाज नव्हता म्हणून? आणि तिचे 'ऐकणे' वाखाणणाऱ्या आम्ही तिचे कधी ऐकले होते काय? तिला वाचता येते, तेही व्यासपीठावरून, हे कळावयास आम्हांला चौदा महिने लागले!

शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते. निर्गमात तिचे कारण दिले आहे ते असे, की परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलते. तेथे म्हटले आहे, की तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा. कारण तूही मिसर देशात दास होतास, हे विसरू नकोस. 'तुझ्यासारखाच' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. म्हणजे उपासनेचा दिवस हा मालकाने देवाला दिलेला दिवस तर आहेच. पण तो मालकाने नोकराला परत केलेला दिवसही आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही शब्बाथाचा उल्लेख कामाच्या गुलामगिरीविरुद्ध व पैशाच्या पूजेविरुद्ध केलेला निषेध असा येतो. यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आपण दरवर्षी ऐकतो. उपवास तर करता, पण त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेता, असा त्यातला ठपका आहे. दरवर्षी ऐकतो, म्हणजे ते कानांवर पडते.

पास्कानंतरच्या आठवड्यात आम्ही घरात बोलणे काढले. सौ.नी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आईंना सांभाळणार कोण? तुम्ही?" प्रश्न रास्त होता. ठरले असे, की आम्हा दोघांपैकी एकाने शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जावे, दुसऱ्याने रविवारी. आणि मुलीला रविवारचा सबंध दिवस मोकळा द्यावा. रविवारची मजुरी कापावी की कापू नये, यावर थोडी चर्चा झाली. दासाला मोकळे करताना त्याला रिकाम्या हातांनी पाठवू नये, खळ्यातले आणि कळपातले उदारपणे द्यावे, असे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते आम्ही सौ.ना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "कापावी असं म्हणत कोण होतं? तुम्हीच." तेही खरेच होते. मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आणि आजींचं कोण करील?"

पहिल्या रविवारी घरात आई आणि आम्ही. चादर बदलणे, अंग पुसणे, कुशीवर वळविणे, घास भरविणे. सत्तरीकडे झुकलेल्या हातांना हे काहीच ठाऊक नव्हते. पाणी फार गरम झाले म्हणून आई रागावली. मग पाणी गार झाले. तिचे पाय धुताना टाचेवर एक जुनी भेग दिसली. आयुष्यभर वाडीत, पानवेलींच्या चिखलात अनवाणी उभ्या राहिलेल्या पायाची. पवित्र गुरुवारी आमच्या धर्मगुरूंनी आमचेही पाय एकदा धुतले होते. पांढरे मोजे घालून, घरी पाय स्वच्छ करून आम्ही त्या बारांत बसलो होतो. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी जे केले ते दासाचे काम होते, हे आम्ही वर्गात शिकविले आहे. ते काम किती वेळ चालते आणि कंबर किती दुखते, हे त्या दिवशी कळले. चौदा महिने ही सेवा एका मुलीने केली होती आणि आम्ही तिला 'कामाला आहे' असे म्हणत होतो. 'अवोदा'चे दोन्ही अर्थ एकाच खोलीत होते. आम्ही फक्त एकच वाचला होता.

परंतु आमच्या सुधारणेची कहाणी येथे संपली तर ती खोटी ठरेल. नोव्हेंबरात भातकापणीसाठी तिने आठ दिवसांची सुट्टी मागितली. दिली. आठ दिवस झाले, नववा उजाडला, ती आली नाही. फोन लागेना. दहाव्या दिवशी आमच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते लिहिताना संकोच वाटतो. "मोकळं सोडलं की हे असं होतं! आता महिनाभर रविवार बंद." सौ. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ती दारात उभी. अवकाळी पावसाने कापलेले भात भिजले होते आणि ते वाळवून घरात आणल्याशिवाय निघणे शक्य नव्हते. डोक्यावर पिशवी, पिशवीत आईसाठी नवे तांदूळ.

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायातील प्रसंग आम्ही पूर्वी वाचला होता. तो त्या पहाटे आठवला. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना सिद्कीया राजाने व सरदारांनी देवाच्या मंदिरात करार करून आपले इब्री दास-दासी मोकळे केले. पुढे मिसरचे सैन्य येत आहे असे कळताच बाबेलचे लोक वेढा उठवून गेले. संकट टळले आणि त्याच सरदारांनी सोडलेल्या त्या माणसांना पुन्हा धरून आणून दास केले. संदेष्टा म्हणतो, असे करून तुम्ही देवाच्या नावाला बट्टा लावला. अडचणीत दिलेली सुटका सोय बदलताच परत घ्यावयाची, हा सिद्कीया आमच्याच घरात, आमच्याच खुर्चीवर बसलेला होता. सुटका देणे सोपे आहे. देऊन झाल्यावर ती दुसऱ्याची आहे, तिच्यावर आपली मालकी उरलेली नाही, हे मानणे कठीण.

इस्राएल लोकही रानात पोहोचल्यावर मिसरची आठवण काढून रडले. तेथली मासळी, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून. आम्हा वसईकरांना हे रडणे चटकन समजते! दासाला दास्याची सवय लागते, तशी मालकाला मालकीची लागते. आणि मालकाचा कांदालसूण जास्त चविष्ट असतो.

अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री शब्बाथ दिवशी सभास्थानात आली, तेव्हा प्रभू येशूने तिला बरे केले. सभास्थानाचा अधिकारी रागावला. कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा या, असे तो लोकांना म्हणाला. प्रभूने त्याला विचारले, तुम्ही आपला बैल किंवा गाढव शब्बाथ दिवशी सोडून पाण्यावर नेत नाही काय? मग अब्राहामाच्या या लेकीला सोडवावयास नको काय? त्या अधिकाऱ्याचे आज्ञापालन काटेकोर होते. फक्त त्यात आवाज देवाचा नव्हता. ज्याचे आज्ञापालन खरे होते तो समोर उभा राहून गाठी सोडीत होता. त्याने दासाचे रूप घेतले आणि मरणापर्यंत आज्ञाधारक झाला, असे संत पौल फिलिप्पैकरांस लिहितो. इतरांना दास करून स्वतः आज्ञाधारक म्हणविणारे आपण. आणि स्वतः दास होऊन इतरांना सोडविणारा तो. आपण वेदीसमोर येतो ते त्याच्या आज्ञापालनात सामील होण्यासाठी.

रविवारी सकाळी आपण सर्वजण मिस्साला जातो. जाताना एकदा मागे वळून पाहावे, घरात, वाडीत, दुकानात कोण राहिले आहे. काही वेळा कोणी राहणे अटळच असते. पण दर वेळी तेच माणूस राहत असेल, तर आपण समुद्र ओलांडला आहे की अजून फारोच्याच तीरावर आहोत, हे तपासून घेणे बरे.

२०२४ सालच्या ३० मार्चला, पास्काच्या रात्री, घरी राहण्याची पाळी आमची होती. सौ. आणि ती मुलगी मिस्साला गेल्या. आमचे वाचन त्या वर्षी दुसऱ्या कोणीतरी केले असणार. दहाच्या सुमारास आम्ही आईच्या उशाशी मेणबत्ती लावली आणि पुस्तक उघडले.

आईने डोळे उघडून विचारले, "पोरगी गेली मिस्साला?"

"गेली."

"मग वाच," आई म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं वाच. मला कमी ऐकू येतं."